पीएचडीच्या मुलांच्या 'डायव्हर्सिटी' गटाचं काम अंगावर घ्यावं का?

तगरफूल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. गाव लातूरजवळ. बीएस्सी लातूरला, एमएस्सी पुण्यात. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच.

आमच्या विभागात पीएचडीच्या विद्यार्थ्यांनीच चालवलेला एक गट आहे. आधी त्याच्या नावात 'डायव्हर्सिटी' (विविधता) आणि 'बिलाँगिंग' असे दोन्ही शब्द होते. गेल्या वर्षी विद्यापीठाचं त्या नावाचं ऑफिस बंद झालं, तेव्हा गटानेही पाटी बदलली. आता नुसतं 'ग्रॅज्युएट कम्युनिटी' म्हणतात. माणसं तीच, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारचा पिझ्झाही तोच. सध्याची अध्यक्ष डिसेंबरात प्रबंध डिफेन्ड करून जातेय आणि तिची जागा मी घ्यावी असं तिचं म्हणणं आहे.

गाईड म्हणाले, "वेळ तुझा आहे, पण पेपरही तुझाच आहे." म्हणजे नको.

मला मोह होतोय त्याचं कारण सांगते. पहिल्या वर्षी एका कॉन्फरन्सला जायचं होतं. पैसे विभाग देणार होता, पण परत आल्यावर, पावत्या दाखवून. तिकीट, हॉटेल, नोंदणी मिळून चौदाशे डॉलर मी नव्या कोऱ्या क्रेडिट कार्डावर टाकले आणि परतावा यायला अडीच महिने लागले. त्या काळात मी काय खाल्लं ते आईला अजून सांगितलेलं नाही. नंतर याच गटातली एक मेक्सिकन मुलगी सहज म्हणाली, "अगं, विभागाच्या ऑफिसात सांगितलं की ते त्यांच्या कार्डावरून बुक करतात." हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्यांचे आईवडील प्राध्यापक, त्यांना विचारावं कसं हे घरून ठाऊक असतं. मला तर विचारता येतं हेच माहीत नव्हतं.

तर प्रश्न असा: असल्या गटांत कोणी काम केलंय का? त्यातून खरंच काही होतं, की नुसत्या मीटिंगा आणि पोस्टर?

मिरगुंड
आधी पेपर. मग पेपर. मग समाजसेवा.
(सात वर्षं लागली मला पीएचडीला. त्यातलं एक पूर्ण वर्ष गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमांचं. अनुभवाचे बोल आहेत.)

पारिजात
वाचतेय. 'बिलाँगिंग'ला मराठीत काय म्हणायचं? आपलेपणा बरोबर बसत नाही. आपलेपणा समोरचा दाखवतो. हे म्हणजे पंगतीत आपलाही पाट मांडलेला असणं, असं काहीतरी.

ह्यूस्टनची_मावशी
तगरफूल, मी टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात नोकरी करते, विद्यार्थ्यांच्या संघटनांशी रोजचा संबंध. त्यामुळे जरा लांबड लावते.

आमच्याकडे एसबी-१७ नावाचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. सरकारी विद्यापीठांना डायव्हर्सिटीची ऑफिसं चालवायला, त्यासाठी माणसं नेमायला बंदी. ऑस्टिनला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर तेव्हाच बंद झालं. त्याच्या छत्राखाली विद्यार्थ्यांचे बरेच गट होते, त्यांचा पैसा आणि बसायची जागा एकदमच गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

आता गंमत बघ. त्याच कायद्यात अपवाद आहेत. वर्गात शिकवणं, संशोधन आणि नोंदणीकृत विद्यार्थी संघटनांचे उपक्रम यांना तो लागू होत नाही. म्हणजे विद्यापीठाने करायचं नाही, पण मुलांनी स्वतः केलं तर चालतं. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात जे काम पगारी माणसं करत होती ते पीएचडीच्या मुलांच्या गळ्यात आलं, रात्री प्रयोगशाळेतून आल्यावर करायचं, फुकट. तुमच्या गटाने पाटी बदलली म्हणतेस, तिथेही हेच होणार आहे. ऑफिसात जाऊन जे विचारायचे ते सगळे आता तुला विचारतील, अगदी रात्री अकराला रडणारी मुलगीसुद्धा. पद घेण्याआधी याचा हिशोब कर.

तरी घेऊ नको असं नाही म्हणणार. एकटीने घेऊ नको. दोघी-तिघींत वाटून घ्या आणि कधी सोडणार ते पहिल्याच दिवशी ठरवा.

शून्यप्रहर
स्पष्टच लिहितो, राग मानू नये. कृष्णवर्णीयांचा एक गट, लॅटिनोंचा एक, बायकांचा एक, घरात पहिल्यांदा शिकणाऱ्यांचा एक. माणसांना एकत्र आणायचं म्हणून आधी खोल्या पाडायच्या. मी नव्वदच्या दशकात आलो तेव्हा खिशात पाचशे डॉलर होते आणि विमानतळावर घ्यायला इंडियन स्टुडंट असोसिएशनचा एक अनोळखी मुलगा आला होता. महिनाभर त्याच्या हॉलमध्ये झोपलो. कोणाला त्याचं नाव डायव्हर्सिटी ठेवावंसं वाटलं नाही.

अर्धवट_संशोधक
शून्यप्रहर काका, म्हणजे तुम्हाला घ्यायला तुमचा गट आला होता. :)

ज्यांचा गट नव्हता त्यांचं काय व्हायचं? पर्ड्यू विद्यापीठात १९७० च्या आसपास इंजिनियरिंगला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ८० टक्के पहिल्याच वर्षी गळत. १९७१ मध्ये तिथल्या दोन विद्यार्थ्यांनी डीनकडे जाऊन स्वतःची संघटना काढायची परवानगी मागितली. काम काय, तर एकमेकांचा अभ्यास घ्यायचा, नवी मुलं आणायची आणि आलेली टिकवायची. त्याच कॅम्पसवर एप्रिल १९७५ मध्ये ३२ कॉलेजांतली ४८ मुलं जमली आणि त्यातून नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनियर्स उभी राहिली. ती पदवीची मुलं होती, पीएचडीची नव्हेत, पण गोष्ट तीच. 'साकनास' ही विज्ञानातल्या लॅटिनो आणि मूळ अमेरिकन लोकांची संस्था १९७३ ची. बायकांची सोसायटी ऑफ विमेन इंजिनियर्स तर १९५० ची. 'डायव्हर्सिटी' हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधी हे चालू होतं.

आणि धागाकर्तीच्या प्रश्नाचं थेट उत्तर म्हणजे प्रवेशअर्जांची मदत. एमआयटी, बर्कली, वॉशिंग्टन इथल्या संगणकशास्त्राच्या विभागांत पीएचडीची मुलंच नव्या अर्जदारांचे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' (पीएचडी का करायची ते सांगणारा अर्जातला निबंध) वाचून देतात, फुकट. ज्यांच्या कॉलेजात असलं काही सांगणारं कोणी नाही, त्यांना प्राधान्य. माझ्या भाच्याने असाच अर्ज वाचून घेतला होता. त्याने पहिल्या परिच्छेदात "लहानपणापासूनच मला संगणकाची आवड होती" असं लिहिलं होतं. तिकडच्या मुलीने तेवढंच खोडून समासात लिहिलं, "बी.ई.च्या प्रोजेक्टमधलं जे चौथ्या पानावर लपवलंयस ते इथे आण." पंधरा मिनिटांचं काम असेल तिचं.

शून्यप्रहर
अर्ज वाचून देण्याला माझा विरोध नाही. पण ते सगळ्यांनाच द्या ना.

अर्धवट_संशोधक
सगळ्यांना द्यायला हात कुठून आणायचे? पाचसहा मुलं असतात, नोव्हेंबरात त्यांच्या स्वतःच्या परीक्षा असतात. ज्याला पुण्या-मुंबईतल्या काउन्सेलरला लाखभर रुपये देता येतात त्याचा अर्ज आधी घ्यायचा की दुसऱ्याचा, एवढाच प्रश्न असतो.

नीळ
पारिजात, पंगत हा शब्द जरा जपून. कोणाची पंगत वेगळी बसायची आणि कोणाला पंगत उठल्यावर बोलवायचे, हे माझ्या आजीने पाहिलेलं आहे.

फार लांब जायला नको. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारी म्हणून राखून ठेवली. तिथल्या आंबेडकर-पेरियार-फुले स्टडी सर्कलच्या मुलांनी विरोध केला, तर विरोध करणाऱ्या एकाला दहा हजारांचा दंड झाला. पाट मांडणं वगैरे ठीक आहे, पण मांडतंय कोण तेही बघावं लागतं.

माझा स्वतःचा अनुभव, विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मराठी मुलांचं पॉटलक होतं. मी भाकरी नेली होती, कौतुक झालं. मग एकाने विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" सांगितलं. "म्हणजे कुठले?" गाव सांगितलं. "नाही, म्हणजे मूळचे कुठले?" तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो, तिकडच्या गोऱ्या प्राध्यापकाला जन्मात कळणार नाही. त्यानंतर कोणी वाईट वागलं असं नाही. फक्त पुढच्या पॉटलकचा निरोप मला ग्रुपवर मिळाला नाही. ग्रुप नवा झाला होता.

त्या वर्षी मी खऱ्या अर्थाने बसलो ते कृष्णवर्णीय पीएचडीच्या मुलांच्या गटात. त्यांना जात म्हणजे काय ते दहा मिनिटांत समजलं. शिवाय त्यांच्याकडे पत्त्यांचा डाव असायचा.

शून्यप्रहर काका, तुमच्या इंडियन असोसिएशनच्या गाडीत त्या काळी मी बसलो असतो, तर मलाही हॉलमध्ये झोपायला मिळालं असतं. आडनाव विचारेपर्यंत तरी.

मिरगुंड
नीळ, वाचून वाईट वाटलं. आमच्या कार्यक्रमांत असं नव्हतं असं लिहायला बोटं उचलली होती. पण मग आठवायला लागलो की कमिटीत कोण कोण होतं. राहू दे.

ह्यूस्टनची_मावशी
नीळ, यावर गेल्या काही वर्षांत काम झालंय, आणि ते बहुतेक विद्यार्थ्यांनीच रेटलंय. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी संघटनेने २०२१ मध्ये ठराव केला आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या २३ कॅम्पसना जात हा संरक्षित निकष लागू झाला. हार्वर्डमध्ये तर पीएचडीच्या मुलांच्या कामगार युनियनने २०२१ च्या करारात जात लिहून घेतली. ते विशेष, कारण करारात शब्द आला की तक्रारीची ठरलेली वाट मिळते.

विरोधही झाला. कॅल स्टेटवर भारतीय वंशाच्याच दोन प्राध्यापकांनी दावा लावला. अख्ख्या कॅलिफोर्निया राज्यासाठी जातिभेदाविरुद्ध एसबी-४०३ हे विधेयक आलं, विधिमंडळात पास झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला.

पारिजात
नीळ, चूक मान्य. शब्द लिहिताना हे मनातही आलं नाही, आणि मनात न येणं हाच तुमचा मुद्दा आहे.

वाटसरू
थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

१९०९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये हॅरी एडमंड्स नावाचे वायएमसीएचे एक गृहस्थ कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून जात होते. समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला ते सहज 'गुड मॉर्निंग' म्हणाले. तो थांबला आणि म्हणाला, न्यूयॉर्कमध्ये येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्सनी त्या रविवारपासून परदेशी मुलांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली आणि पुढे १९२४ मध्ये त्यातूनच रॉकफेलरच्या पैशावर इंटरनॅशनल हाउस उभं राहिलं.

त्याच काळात अमेरिकेतल्या विद्यापीठांत कॉस्मोपॉलिटन क्लब निघत होते. विस्कॉन्सिनचा १९०३ चा, कॉर्नेलचा १९०४ चा. देशोदेशीच्या मुलांनी मिळून चालवलेले. म्हणजे आपण ज्याला आजचं फॅड म्हणतो त्याला सव्वाशे वर्षं होत आली.

आता आपल्याला जवळची गोष्ट. बाबासाहेब १९१३ च्या जुलैत कोलंबियाला पोचले, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन, दरमहा साडेअकरा पौंड. आधी हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, ११४ व्या रस्त्यावर, तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर खोली केली. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. ९ मे १९१६ ला मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातीवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला.

बडोद्याला परतल्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे पारशांच्या खानावळीत पारशी नाव सांगून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. न्यूयॉर्कात पारशी मित्राबरोबर एका खोलीत, बडोद्यात पारशी खानावळीतून हाकललेले. मधे फार तर चार-पाच वर्षं.

नीळ
वाटसरू, धन्यवाद. क्लबाचं माहीत नव्हतं.

गवारीची_शेंग
मी पुण्यात पीएचडी करतेय. तुमचं सगळं वाचताना वाटलं की आमच्याकडे या नावाचा गट नाही पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिपवाल्या मुलांचा. कुठला फॉर्म कधी निघाला, हजेरीच्या दाखल्यावर कोणाची सही लागते, एचआरए (घरभाडे भत्ता) मागताना काय जोडायचं, मार्गदर्शकांनी सही अडवली तर कुठे जायचं, सगळं तिथे. फेलोशिप महिनोन्‌महिने थकली की तिथूनच आंदोलन ठरतं. स्वागताचा कार्यक्रम नाही, पिझ्झा तर नाहीच. पण गावाकडून आलेली मुलगी या ग्रुपमुळे टिकते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यूजीसीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात समान संधी केंद्र असायला हवं. आमच्या संस्थेत त्याची पाटी आहे. पाटीखालचं दार मी उघडं पाहिलेलं नाही.

शून्यप्रहर
गवारीची शेंग, हे मला पटलं. तगरफूलच्या चौदाशे डॉलरचंही पटलं होतं, लिहायचं राहिलं. माझा आक्षेप नावाला आणि वर्कशॉपला आहे. आमच्या कंपनीतलं असलं एक वर्कशॉप मी दोन तास सोसलंय, एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावलं होतं.

मिरगुंड
+१. डोळ्यांत बघण्याला माझाही कायम विरोध.

जाडा_चष्मा
एक गंभीर मुद्दा कोणी काढला नाही. तगरफूल, तू एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस.

१. गटाचं पद पगारी असेल, मानधन जरी असलं, तरी ते काम सेमिस्टरमधल्या आठवड्याच्या २० तासांत मोजलं जातं. तुझी असिस्टंटशिप २० तासांची असेल तर जागाच उरत नाही. घेण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचार. बिनपगारी असेल तर हा प्रश्न येत नाही.

२. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतल्या) नोंदी अचानक रद्द झाल्या होत्या, पुढे कोर्टकज्ज्यानंतर बऱ्याच परत आल्या. त्यामागे असल्या गटांचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून माझ्या ओळखीतली मुलं वेबसाइटवर नाव-फोटो द्यायला कचरतात, आणि मी त्यांना भित्री म्हणणार नाही. काम कर, हवं तर नाव छापू नकोस.

३. फेलोशिपच्या अर्जात याचा उपयोग होईल या हिशोबाने जाऊ नकोस. एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) २०२५ मध्ये डायव्हर्सिटीची एफ-३१ फेलोशिपच बंद केली. अर्थात ती आपल्यासारख्या परदेशी मुलांना नव्हतीच.

पारिजात
आणि मनाचं? नेचर बायोटेक्नॉलॉजीत २०१८ मध्ये एक सर्वेक्षण आलं होतं. २६ देशांतले २,२७९ विद्यार्थी, बहुतेक पीएचडीचे. नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सहापट. ज्यांना त्रास आहे तेच असली प्रश्नावली हौसेने भरतात, तेव्हा आकडा फुगलेला असू शकतो. तरी निम्मा धरला तरी बराच आहे. तगर, तू दुसऱ्यांचं ऐकणार, तुझं कोण ऐकणार ते आधी बघ.

तगरफूल
बाप रे, दोन दिवस प्रयोगशाळेत अडकले होते आणि इकडे एवढं! सगळ्यांचे आभार. नीळ, तुमची पोस्ट तीनदा वाचली. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर मी ॲडमिन आहे. नवा ग्रुप आम्हीही एकदा केला होता, "जुना फार मोठा झाला" म्हणून. जुन्यातले कोणकोण नव्यात आले नाहीत ती यादी काल काढली. त्याबद्दल इथे लिहिणार नाही, ज्यांना फोन करायचा त्यांना करतेय.

अध्यक्षपद नाही घेतलं. मावशी म्हणाल्या तसं तिघींत वाटून घेतलंय. मी, ती मेक्सिकन मुलगी आणि केंटकीच्या डोंगराळ भागातली एक गोरी मुलगी, तिचे वडील खाणकामगार होते. (आमच्या गटात तीच सगळ्यात बुजरी. तिला वाटायचं हा गट तिच्यासाठी नाही.) माझ्याकडे फक्त नव्या मुलांचा पहिला महिना. मे महिन्यात सोडायचं असं लेखी ठरलंय. गाईडना सांगितलं, ते "हं" म्हणाले. त्यांच्या भाषेत तो आशीर्वाद.

पहिलं काम म्हणून दोन पानं लिहायला घेतलीत, कुठेही न लिहिलेल्या गोष्टींची. आत्तापर्यंत एवढं झालंय:

– ऑगस्टमध्ये आलात तर पहिला पगार सप्टेंबरच्या अखेरीला. तोवरचं भाडं आणि डिपॉझिट बरोबर आणा. नसेल तर विभागाकडे बिनव्याजी उचल मिळते, मागावी लागते.
– कॉन्फरन्सचं तिकीट स्वतःच्या कार्डावर काढू नका. ऑफिसात कोणाला भेटायचं, ते नाव.
– 'ऑफिस अवर्स' म्हणजे प्राध्यापकांनी ती वेळ तुमच्यासाठीच ठेवलेली असते. तुम्ही त्यांना त्रास देत नाही.
– गाईड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा, आणि अर्ध्यात सोडून गेलेल्यांना आधी भेटा.
– आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी सोशल सिक्युरिटी नंबरचा (पगार-करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) अर्ज करा.
– फोडणी देण्याआधी खिडकी उघडा. मागच्या वर्षी अख्खी इमारत रात्री दहाला खाली आली होती.

अजून काय घालू?

गवारीची_शेंग
गाईड बदलता येतो हे घाला. कसा बदलायचा तेही. मला चौथ्या वर्षी कळलं.

नीळ
"मूळचे कुठले" हे तीनदा विचारू नये.

तगरफूल
दोन्ही घातलं. नीळ, तुमचं पहिल्या पानावर.

जाडा_चष्मा
पाचव्यात दुरुस्ती कर. दुसऱ्या दिवशी गेलं तर हात हलवत परत येतात, नोंद अजून त्यांच्या सिस्टीमला आलेली नसते. सोशल सिक्युरिटीवालेच सांगतात की देशात आल्यावर दहा दिवस थांबा. आणि जाताना कामाचं पत्र, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि पासपोर्ट हे तिन्ही मूळ प्रतीत न्यायचं. झेरॉक्स चालत नाही.

मिरगुंड
खिडकीबरोबर पंखाही लिही गं. नुसती खिडकी पुरत नाही, मोहरी असेल तर.